आकाशातील घड्याळे आणि एक जुने यंत्र

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास आम्ही सत्तरीच्या रानातील एका पायवाटेच्या तोंडाशी उभे होतो. इयत्ता नववीचे चौदा विद्यार्थी, आमचे एक सहकारी आणि आम्ही. हवेत चांगलाच गारठा होता. परंतु एका विद्यार्थ्याच्या हातातील छोट्या यंत्राच्या पडद्यावर त्या दिवसाची तारीख २९ मे २००५ अशी उमटली होती. वार मात्र रविवारच. "सर, यंत्राला उन्हाळ्याची सुट्टी लागली!" असे कोणी म्हणाले आणि सारे हसले. आम्हीही हसलो. सायंकाळी त्यातले हसू उरले नाही. परंतु ती हकीकत पुढे सांगू. आधी त्या यंत्राची ओळख करून देणे अगत्याचे आहे.

बोटीवर नोकरी करणाऱ्यास आमच्याकडे 'तारवटी' म्हणतात. आमच्या शेजारी असेच एक निवृत्त तारवटी राहतात. त्यांनी २००४ साली परदेशी बंदरात एक खिशात मावणारा संगणक विकत घेतला होता. आजचे स्मार्टफोन येण्यापूर्वी पाम, आयपॅक इत्यादी नावांचे असे हातातील संगणक मिळत असत. पत्ते, टाचणे आणि हिशेब ठेवण्यासाठी ते निघाले; पुढे २००२ च्या सुमारास त्यांवर वाट दाखविणारे प्रोग्रॅमही चालू लागले. शेजाऱ्यांच्या संचात दोन वस्तू होत्या: एक तो संगणक आणि दुसरी काडेपेटीहून थोडी मोठी अशी काळी डबी. ही डबी म्हणजे उपग्रहांचे संदेश ऐकणारा ग्राहक. ती ऐकते आणि ऐकलेले ब्लूटूथने संगणकास कळविते. नकाशा काढून त्यावर ठिपका ठेवण्याचे काम संगणकातील प्रोग्रॅमचे. कपाटात वर्षानुवर्षे पडलेला हा संच त्यांनी आमच्या शाळेच्या भूगोल मंडळास भेट दिला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि मुलांच्या संगतीने जे शिकलो, ते येथे मांडीत आहोत.

पुष्कळांची अशी समजूत असते की उपग्रह वरून आपणांस पाहतो आणि "तू अमुक ठिकाणी आहेस" असे कळवितो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उपग्रहास आपण असल्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेने ही योजना उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला आणि १९९५ मध्ये योजना पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह अहोरात्र एकच घोष करीत असतात: "या क्षणी माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत आणि मी आकाशात या ठिकाणी आहे." ग्राहक नुसता ऐकतो. वीज चमकल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून वीज किती दूर पडली याचा अंदाज आपण बांधतो. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. येथेही तोच हिशेब, परंतु ध्वनीऐवजी प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या रेडिओलहरींचा. त्या सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतात. म्हणून थेट माथ्यावरील उपग्रहाचा संदेश सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात पोहोचतो. वेळ मोजताना सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतर तीनशे मीटरांनी चुकते. यासाठी उपग्रहांत अणुघड्याळे बसविलेली असतात. आपल्या डबीत साधेच घड्याळ असते. तीन उपग्रहांवरून जागा ठरावी, आणि आपले घड्याळ किती चुकते आहे ते चौथ्यावरून कळावे, अशी ही युक्ती आहे.

यातून जुन्या यंत्राविषयी एक मोठी गोष्ट निघते. अचूकपणा मुख्यतः आकाशातून येतो, डबीतून नव्हे. २ मे २००० पूर्वी अमेरिकन सरकार सर्वसाधारण लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळीत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरांपर्यंत चुके. त्या दिवशी तो गोंधळ थांबविण्यात आला, आणि जगभरातील जुनी यंत्रे, एक स्क्रूही न बदलता, कित्येक पटींनी अचूक झाली. आमची डबीही आज आकाशातील आजचेच उपग्रह ऐकते. मात्र ती केवळ या एकाच योजनेचे ऐकू शकते. भारताने १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडून जी 'नाविक' योजना उभी केली, तिची भाषा ऐकण्याचे कान या डबीस नाहीत.

आता यंत्र जागे करण्याची हकीकत. संगणकाची बॅटरी पार मेली होती. त्या काळच्या पुष्कळ खिसासंगणकांत प्रोग्रॅम आणि टाचणे बॅटरीच्या आधारानेच जिवंत राहत; बॅटरी पूर्ण उतरली की सारे पुसले जाई. आमचेही पुसले गेले होते. सुदैवाने शेजाऱ्यांनी मूळ प्रोग्रॅम एका मेमरी कार्डावर जपून ठेवला होता. कार्ड खराब झाले तर, या भीतीने मुलांनी नवे कार्ड आणले. ते सोळा गिगाबाइटांचे. यंत्राने ते ओळखलेच नाही. अशी यंत्रे बहुधा दोन गिगाबाइटांपर्यंतचीच कार्डे वाचतात, हे आम्हांस दोन दिवसांच्या खटपटीनंतर उमगले. नवी बॅटरी शोधून बसविली, प्रोग्रॅम चढविला. तरी ठिपका येईना. प्रोग्रॅमला डबी कोणत्या दाराने बोलते त्याचा क्रमांक आणि बोलण्याचा वेग सांगावा लागतो. येथे वेग होता सेकंदाला ४८०० बिटांचा. तो जुळविल्याबरोबर पडद्यावर अक्षरे धावू लागली.

तरीही जागा मिळेना. कारण डबी कैक वर्षांच्या झोपेतून उठली होती आणि कोणता उपग्रह कोठे आहे याची तिच्याजवळची माहिती शिळी झाली होती. उपग्रह ही माहिती अतिशय सावकाश सांगतात, सेकंदाला अवघे ५० बिट. स्वतःचा ठावठिकाणा ते दर तीस सेकंदांनी सांगतात, परंतु सर्व उपग्रहांची यादी पुरी होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. डबी वर्गाच्या खिडकीत ठेवून चालत नाही. उघड्या मैदानात, आकाश दिसेल अशी, पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावी लागते. मोबाइल फोनला हीच माहिती नेटवर्कवरून क्षणात मिळते, म्हणून तो चटकन जागा दाखवितो. नेटवर्क नसले तरी फोन उपग्रह ऐकू शकतो, फक्त उशीर लागतो. आणि नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर ठिपका कोऱ्या पडद्यावर उभा राहतो.

डबी जी वाक्ये पाठविते ती वाचणे हा मुलांचा आवडता खेळ झाला. डॉलरच्या चिन्हाने आरंभ, मग 'जीपीजीजीए' ही अक्षरे, मग स्वल्पविराम देत वेळ, अक्षांश, रेखांश, ऐकू येणाऱ्या उपग्रहांची संख्या आणि उंची. वेळ ग्रिनिचची; तीत साडेपाच तास मिळवावेत. अक्षांशात मात्र एक फसवी जागा आहे. पणजीपाशी डबी '१५३०.०००' असे काही लिहिते. याचा अर्थ १५ अंश ३० मिनिटे, म्हणजे दशांशात १५.५० अंश. एका विद्यार्थ्याने ते १५.३० असे फोनच्या नकाशात घातले आणि पणजी उचलून मडगावाच्या थोडी उत्तरेस नेऊन ठेवली! अंशाचा पाचवा हिस्सा म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर. साठ मिनिटांचा अंश आणि दशांश यांची गल्लत गणिताच्या तासाला एक गुण घालविते. समुद्रावर ती बोट घालवील.

डबी अशी विश्वासू, परंतु संगणकातील नकाशाचे तसे नाही. तो सुमारे २०१० सालचा. मांडवीवरील अटल सेतू २७ जानेवारी २०१९ रोजी खुला झाला; तो यंत्रास ठाऊकच नाही. आम्ही बसमधून त्या पुलावरून गेलो तेव्हा प्रोग्रॅमने आम्हांस खुशाल शेजारच्या जुन्या पुलावर नेऊन ठेवले. हे प्रोग्रॅम ठिपका जवळच्या ज्ञात रस्त्यास चिकटवितात, म्हणून असे होते. ती सोय बंद केली तेव्हा आम्ही मांडवीच्या पाण्यावरून चाललेले दिसलो, आणि खरे तर तेच अधिक प्रामाणिक होते. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरत आहेत. आमच्या नकाशात तेथे काहीच नाही.

आता त्या तारखेकडे वळू. उपग्रह तारीख सांगत नाहीत, सप्ताहाचा क्रमांक सांगतात. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली. परंतु या क्रमांकासाठी संदेशात दहाच द्विमान घरे ठेवली गेली. त्यांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. पुढे पुन्हा शून्य. आपल्या पंचांगातील साठ संवत्सरांसारखेच हे आहे. नुसते 'विकारी संवत्सर' म्हटले तर १९५९ की २०१९ हे कळत नाही. शक सांगावा लागतो. उपग्रहांची मोजणी ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री दुसऱ्यांदा शून्यावर आली. तिसरी पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. ज्या जुन्या यंत्रांस ही दुसरी फेरी शिकविलेली नव्हती, ती १०२४ सप्ताह म्हणजे ७,१६८ दिवस मागे गेली. पूर्ण सप्ताहच वजा झाल्यामुळे वार तोच राहतो. जागेचा हिशेब सप्ताहाच्या आतील वेळेवर चालतो, म्हणून आमच्या डबीचे स्थान चुकले नाही. काही यंत्रे मात्र तारखेच्या घोटाळ्याने स्थानही देईनाशी झाली.

हे सर्व आम्हांस त्या रविवारी सकाळी ठाऊक नव्हते असे नाही. मुलांना फळ्यावर गणित करून दाखविले होते. तरीही दुपारी ओढ्याकाठी, निघण्याची वेळ ठरविताना, आम्ही विचारले, "सूर्यास्त केव्हा?" यंत्रधारी विद्यार्थ्याने पडदा पाहून सांगितले, "सात वाजता, सर." आम्ही साडेचारऐवजी पाच वाजता निघालो. प्रोग्रॅमने सूर्यास्त काढला होता तो २९ मेचा. जानेवारीच्या त्या तारखेस गोव्यात सूर्य सहा-वीसच्या सुमारास मावळतो. चाळीस मिनिटांचा फरक! रानात तर त्याही आधी काळोख दाटतो. यंत्राने लबाडी केली नाही. सकाळी डोळ्यांसमोर असलेली चूक आम्हीच सायंकाळच्या प्रश्नाशी जोडली नाही.

सव्वासहापर्यंत झाडांखाली पायाखालचे दिसेना. जनावरांच्या पायवाटांनी जागोजाग फाटे फुटले होते. दोनच विजेऱ्या, फोनना नेटवर्क नाही आणि कोणीही नकाशा उतरवून आणला नव्हता. एक मुलगी रडू लागली. तेव्हा सहकाऱ्यांनी आठवण दिली की यंत्र सकाळपासून दर दहा सेकंदांस एक ठिपका नोंदवीत आले आहे. नकाशात ती वाट नव्हती, परंतु आमचा माग होता. प्रत्येक फाट्यावर काही पावले पुढे जायचे, थांबायचे, आणि आपला ठिपका मागावर राहतो की बाजूस सरतो ते पाहायचे. दाट झाडीत संदेश क्षीण होतो, ठिपका वीस-तीस मीटर इकडेतिकडे भटकतो. म्हणून घाई करून चालत नव्हते. दोनदा चुकलो, दोनदा परतलो. सात-वीसला बसच्या भोंग्याचा आवाज ऐकू आला. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी आम्हांस जे ऐकविले ते अगदी योग्य होते.

तो माग कार्डावर सुरक्षित आहे. कोणीही भर घालू शकेल असा 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा जगाचा नकाशा २००४ पासून लोक मिळून तयार करीत आहेत. त्यात आपल्या तालुक्यातील कोणत्या वाटा आहेत आणि कोणत्या नाहीत, हे पाहण्याचे काम भूगोल मंडळाने यंदा हाती घेतले आहे. यंत्रही सोबत असते. सूर्यास्ताची वेळ मात्र निघण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून वहीत उतरवून घेतली जाते, आणि ती वही आता आमच्याजवळ असते.