औंधचा नंबर, पॅरिसचं नेट

परदेशातल्या विमानतळावर उतरल्यावर पहिली शोधाशोध होते ती सिमचा खण उघडायच्या बारीक पिनेची. ती घरीच राहिलेली असते. मग कानातल्याच्या तारेनं खण उघडायचा, नखाएवढं सिम पासपोर्टच्या कव्हरात सरकवायचं आणि तिथलं नवं घालायचं. नेट सुरू होतं, घरच्या ग्रुपवर फोटो जातात. दुपारी कार्डानं पैसे भरायला जावं तर बँकेचा ओटीपी येत नाही. ज्या सिमवर तो यायचा, ते कव्हरात झोपलेलं!

सातारा जिल्ह्यातल्या औंधला परदेश तसा नवा नाही. इथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात हेन्री मूरचं शिल्प आहे आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आले. तेव्हा खुशाली पत्रानं कळायची. आता औंध-वडूजकडचे आईवडीलही लेकाकडे जर्मनीला, नाहीतर टूरबरोबर दुबई-थायलंडला जातात आणि उतरल्याबरोबर ‘पोचलो’ हा मेसेज गेला नाही, तर इकडे घास घशाखाली उतरत नाही.

ओटीपीही यावा आणि ‘पोचलो’ही जावं, यावरचा सोपा उपाय म्हणजे एका फोनमध्ये दोन सिम ठेवणं आणि दोघांची कामं वाटून देणं. घरचं सिम फक्त एसएमएससाठी; त्याचं डेटा रोमिंग बंद. नेट दुसऱ्या सिमवर. रोमिंग सेवा मुळात बंद असते, म्हणून निघण्याआधीच कंपनीच्या ॲपवरून ती चालू करून घ्यावी लागते. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. पण गावाकडून कुणी सहज फोन केला आणि आपण तो उचलला, की मीटर पडला.

दुसरं सिम तिथं विकत घेता येतं. पासपोर्ट दाखवावा लागतो. फोनला चालत असेल तर ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम, त्याहून बरं. *#०६# दाबल्यावर ‘ईआयडी’ असा लांबलचक आकडा दिसला, तर फोनला ते बहुधा चालतं. घरच्या वायफायवर क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं. पिन नको, तार नको. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं. ‘नंबर बदलायचा का’ असं त्यानं विचारलं, तर नाही म्हणायचं.

घरच्याच सिमवर रोमिंगचा पॅक मारला तर? महाग पडतं, पण त्यात एक गंमत आहे. आपला फोन तिथल्या टॉवरला लागतो खरा, पण डेटा बहुतेक वेळा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. म्हणूनच चीनमध्ये तिथल्या सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाही, भारतातून नेलेल्या सिमवर मात्र उघडतं.

कोणतं सिम कुठवर चालेल, याचा नकाशा वेगळाच असतो. त्यासाठी परदेशी जायलाही नको. साताऱ्याचं प्रीपेड सिम श्रीनगरला मुकं होतं. तिथं बाहेरचं पोस्टपेडच लागतं. युरोपात १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनच्या देशांत एकमेकांची सिम जादा पैशांविना चालतात. पॅरिसचं सिम रोमला चालेल. पण मराठी पर्यटकाचं लाडकं स्वित्झर्लंड या युनियनमध्ये नाही. टिटलिसच्या बर्फातून व्हिडिओ कॉल करायचा असेल, तर सिम घेतानाच ‘स्वित्झर्लंड धरून आहे ना?’ असं विचारलेलं बरं. इंग्लंडचंही तेच, युनियन सोडल्यापासून तेही बाहेर.

सगळ्यात महागडी रेंज समुद्रात मिळते. क्रूझ किनाऱ्यापासून लांब गेली, की फोन जहाजाच्या सॅटेलाइटवरच्या नेटवर्कला आपणहून चिकटतो आणि साध्या पॅकमध्ये ते सहसा बसत नाही. जहाजावर चढतानाच फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. नेट नसेल तेव्हासाठी नकाशे घरीच उतरवून ठेवावेत. रस्ता दाखवायला जीपीएसला नेट लागत नाही.

इतकं सगळं जमवूनही दुबईत एक अडचण उरते. तिथं व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाहीत. पौषात औंधला यमाईची यात्रा भरते. तेव्हा दुबईत फिरायला गेलेल्यांना देवीचा रथ व्हिडिओ कॉलवर दाखवायचं ठरवलं, तर घंटी वाजत राहते. रथ पुढं गेल्यावर कुणीतरी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवून देतं.