वाट लांबली, वेळ वाचला

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर विचारलं, की मोबाइल साधारण 12,400 किलोमीटर सांगून मोकळा होतो. पृथ्वीगोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला तर भरेल तेवढं हे अंतर. हा दोरा सायबेरिया ओलांडतो, उत्तर ध्रुवाच्या बाजूनं जातो आणि अलास्कावरून खाली येतो. विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही.

डिसेंबर 2015 मध्ये एअर इंडियानं ही थेट सेवा सुरू केली, ती अटलांटिकवरून. सुमारे 13,900 किलोमीटर, सोळा-सतरा तास. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीनं विमान उलट्या दिशेला, पॅसिफिकवरून नेलं. वाट 15,300 किलोमीटरपर्यंत लांबली आणि प्रवास साडेचौदा तासांत आटोपला! म्हणजे जमिनीच्या हिशेबानं सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर. हवा स्तब्ध असती, तर ताशी 900 च्या वेगानं एवढ्याच वाटेला सतरा तास लागले असते.

ही करामत जेट प्रवाहाची. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक आणि पृथ्वीचं फिरणं, यांतून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हे वारे सुसाट धावतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास ते विशेष जोरात असतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञानं 1920 च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. पण अहवाल लिहिला एस्परांतो या जागतिक म्हणून घडवलेल्या भाषेत. जगानं वाचावा म्हणून लिहिलेला अहवाल जगात फारसा कुणी वाचलाच नाही.

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानासमोर मुक्काम आपणहून चालत यायला नको का?’ ही शंका हमखास निघते. पण जमिनीबरोबर वातावरणही फिरतं, त्यामुळे ती सवलत मिळत नाही.

परतीचं विमान अटलांटिकवरून यायचं, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. एका तिकिटात पृथ्वीप्रदक्षिणा! घड्याळाची गंमत आणखी वेगळी. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. पहाटे चारला दिल्ली सोडून साडेचौदा तास उडालात, तरी तिथे उतरताना त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले असतात. मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना हे फोनवर समजावणं अवघडच.

वाऱ्याशी जुळवून घेता येतं, सरकारांशी नाही. 2022 मध्ये रशियानं अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीनं मुंबई-नेवार्क आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को या फेऱ्या थांबवल्या. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना तीच वागणूक दिली. त्यानंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला निघालेल्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत व्हिएन्नाला उतरावं लागलं.