मुक्त संगणकप्रणालीला अँटिव्हायरस हवा काय?

शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स का आणि त्यात अँटिव्हायरस का नाही, असे पालक व माजी विद्यार्थी आम्हांस विचारतात. ‘लिनक्सला व्हायरस लागतच नाही’ हे उत्तर सोपे आहे. परंतु ते खरे नाही. केवळ ऐकीव म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश येथेही लागू पडतो.

लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ज्याचा आरंभ केला, त्या लिनक्सची रचनाच सावध आहे. सामान्य वापरकर्त्यास मूळ प्रणालीत बदल करण्याचा अधिकार नसतो. नवे सॉफ्टवेअर बहुधा अधिकृत भांडारातून येते व त्यावरील डिजिटल स्वाक्षरी आपोआप तपासली जाते. शिवाय घरोघरी विंडोजच अधिक असल्याने व्हायरस लिहिणाऱ्यांचा रोखही मुख्यतः तिकडेच असतो. म्हणून अभ्यासापुरत्या वापरल्या जाणाऱ्या संगणकास स्वतःच्या रक्षणासाठी अँटिव्हायरस सहसा लागत नाही.

तथापि, २०१६ साली ‘मिराई’ने लिनक्सवर चालणारे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, कारण त्यांचे मूळचे पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. २०२४ साली ‘एक्सझेड’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणी चोरवाट दडविली. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा खुणेवरून अँड्रेस फ्रॉइंड यांनी ती शोधली. सॉफ्टवेअरचा मजकूर सर्वांस खुला असला, तरी तो कोणीतरी डोळसपणे वाचावा लागतो.

आणखी एक बाजू आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. विंडोजचा व्हायरस आमच्या संगणकास बाधत नाही. पण तो विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हमध्ये तसाच राहतो आणि शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांसह गावच्या केंद्रातील संगणकात शिरतो. आपणास अपाय झाला नाही, एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. म्हणूनच जेथे पेन ड्राइव्ह व ई-मेलद्वारे फायलींची देवघेव होते, तेथे ‘क्लॅमएव्ही’ हा मुक्त व विनामूल्य अँटिव्हायरस वापरावा.

उर्वरित रक्षण सवयींत आहे : प्रणाली वेळेवर अद्ययावत करणे, दैनंदिन कामासाठी सामान्य खाते वापरणे, अनोळखी आज्ञा न समजता न चालविणे आणि महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवणे. बुद्धांनी ज्यास अप्रमाद म्हटले, ती जागरूकता कोणत्याही सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळे होता येत नाही.