तोतलाडोह ‘शून्य टक्के’ म्हणजे धरण कोरडं पडलं का?

पावसानं ओढ दिली की नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धरणांचे आकडे फिरायला लागतात. ‘तोतलाडोह ३० टक्क्यांवर’, ‘नवेगाव खैरी फुल्ल’, ‘आता पाणीकपात होणार’. २०१९च्या उन्हाळ्यात तर तोतलाडोहचा आकडा शून्यावर आला होता. तरी नळाला पाणी येत होतं. मग ते आलं कुठून?

शून्य टक्के म्हणजे काय?

घरातला तोटीचा माठ आठवा. तोटीतून पाणी यायचं थांबतं तेव्हाही माठाच्या तळाशी थोडं पाणी उरतंच. धरणाचंही तसंच आहे. ज्या वाटेनं पाणी बाहेर सोडतात, त्या पातळीच्या खाली उरणाऱ्या पाण्याला ‘मृत साठा’ म्हणतात. त्याच्या वरचा तो ‘उपयुक्त साठा’. बातम्यांमधली टक्केवारी बहुतेक वेळा या उपयुक्त साठ्याचीच असते.

म्हणजे शून्य टक्के झालं तरी धरण कोरडं नसतं. पण निर्धास्त राहण्यासारखंही काही नसतं. मृत साठ्यात गाळ जास्त असतो, पाणी काढणं अवघड जातं आणि मासे वगैरे जलचर त्यावरच जगतात. २०१९ मध्ये नागपूरची तहान याच पाण्यानं भागवावी लागली. जुलै उजाडला तरी पाऊस नव्हता, तेव्हा शहरात एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली.

नागपुरात पाऊस पडला तरी धरण का भरत नाही?

कारण तोतलाडोह पेंच नदीवर आहे आणि ही नदी येते मध्य प्रदेशातून. धरणाचं बहुतेक पाणलोट क्षेत्र तिकडेच आहे. सीताबर्डीत गुडघाभर पाणी साचलं म्हणून तोतलाडोहची पातळी वाढेलच असं नाही.

त्यात आणखी एक भर पडली. वरच्या बाजूला छिंदवाडा जिल्ह्यात याच नदीवर चौराई धरण झालं. आता आधी चौराई भरतं, मग पाणी खाली येतं. पाऊस चांगला असेल तर फरक जाणवत नाही. कमी झाला की पहिला फटका खालच्या धरणाला बसतो. २०१९च्या टंचाईत कमी पावसासोबत हेही कारण होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चित्र पालटलं. वरून पाणी आलं, तोतलाडोह भरलं आणि दरवाजे उघडावे लागले.

टक्के सारखे, पाणी वेगळं

तोतलाडोहचा पूर्ण उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दलघमी आहे, तर नवेगाव खैरीचा सुमारे १४२. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. त्यामुळे अर्धं भरलेलं तोतलाडोह हे काठोकाठ भरलेल्या नवेगाव खैरीच्या साडेतीन पट पाणी बाळगून असतं. नुसते टक्के पाहिले तर हे लक्षात येत नाही.

शिवाय हे सगळं पाणी शहराचं नाही. शेतीचं सिंचन आणि कोराडी, खापरखेडा इथली वीज केंद्रंही पेंचच्या पाण्यावर अवलंबून आहेत.

शंभर टक्के होण्याआधीच पाणी का सोडतात?

ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरून ठेवलं आणि पुन्हा मोठा पाऊस आला, तर एकदम प्रचंड पाणी सोडावं लागतं. मग पारशिवनी, कामठी, मौदा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना धोका होतो. म्हणून कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हे आधीच ठरलेलं असतं. ‘पाणी वाया घालवलं’ असा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे लक्षात घ्या.

दरवाजे नसतील तर काय होतं, हे शहरानं २३ सप्टेंबर २०२३ला पाहिलं. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. १८७०च्या सुमारास बांधलेल्या अंबाझरी तलावाला पाणी आधी सोडून पातळी कमी करायला दरवाजेच नव्हते. तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं.

मग आकडा कसा वाचायचा?

- टक्केवारी कोणत्या धरणाची आहे?
- ती उपयुक्त साठ्याची आहे की एकूण साठ्याची?
- मागच्या वर्षी याच तारखेला किती पाणी होतं?
- वर चौराईत किती पाणी आहे?
- मेसेजवर तारीख आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. दरवाजे उघडल्याचे जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात. ते पाहून नदीकाठच्या माणसाची झोप उडते. आणि असे दहा खोटे मेसेज पाहिले की अकरावा खरा इशाराही कुणी मनावर घेत नाही.