विश्लेषण : ट्रंकेतल्या कॅसेट अजून वाजतील का? आवडते अल्बम आणि घरचे आवाज कसे वाचवायचे?

परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पूर्णा… जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जुन्या घराचा माळा आवरायला काढला की एखाद्या ट्रंकेत कॅसेट सापडतातच. टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेलेला असतो, कॅसेट मात्र टाकवत नाहीत. त्यांतली बहुतेक गाणी आज मोबाइलवर क्षणात ऐकता येतात. मग या कॅसेट जपायच्या कशासाठी? जपायच्या तर परभणीच्या उन्हात त्या किती टिकणार? आणि त्यांतला आवाज मोबाइलमध्ये आणायचा कसा? जाणून घेऊ.

कॅसेट घरोघरी कशी पोहोचली?

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही छोटी कॅसेट पहिल्यांदा मांडली. भारतातल्या सर्वसामान्य घरांत ती आली ती १९८०च्या दशकात. त्याआधी रेकॉर्ड आणि ग्रामोफोन ही मोजक्या घरांची चैन होती. टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चालायचा, शेतात किंवा आखाड्यावर नेता यायचा आणि कॅसेटही परवडायची. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी किमती आणखी खाली आणल्या. कॅसेट काढायला मोठे भांडवल लागत नसल्याने लहान कंपन्याही बाजारात उतरल्या आणि ज्या गाण्यांना रेकॉर्डच्या जमान्यात फारशी जागा नव्हती, ती गावोगावी पोहोचली.

म्हणूनच मराठवाड्यातल्या कॅसेटच्या पेटीत सगळे एकत्र नांदताना दिसते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’, म्हणजे १९५५ च्या १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर गाजलेली ५६ गाणी. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, १९७४ मध्ये आलेला लता आणि हृदयनाथ मंगेशकर यांचा ‘शिवकल्याण राजा’. पंडित भीमसेन जोशींचे अभंग. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आणि त्यांच्याच आवाजातली भीमगीते. उरुसाच्या आठवणी जपणाऱ्या घरांत कव्वाली. नंतरच्या पिढीच्या कप्प्यात मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’.

अल्बमला आठवण का चिकटते?

साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी माणसाला पुढे जास्त आठवतात, असे मानसशास्त्रातील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. याच वयात ऐकलेले संगीत त्या आठवणींना जोडले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक पेत्र जनाता यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीचे गाणे ऐकून स्वतःच्या आयुष्यातले काही आठवते तेव्हा मेंदूचा कपाळामागचा एक विशिष्ट भाग सक्रिय होतो, असे आढळले होते.

कॅसेटने या आठवणीला क्रमाची जोड दिली. मोबाइलवर हवे ते गाणे लावता येते. कॅसेटवर मात्र एक बाजू सलग ऐकावी लागे, कारण पुढे-मागे करण्यात सेल उतरत. त्यामुळे एक गाणे संपले की पुढचे कोणते, हे डोक्यात पक्के बसले. कुठे टेप अडकून आवाज लडबडायचा, कुठे ‘ए’ बाजू संपून खटका वाजायचा, हेही लक्षात राहिले. तेच गाणे आज मोबाइलवर स्वच्छ वाजते, तरी काहीतरी कमी असल्यासारखे वाटते ते यामुळेच.

मग घरची कॅसेट वेगळी कशी?

विकत घेतलेला अल्बम हरवला तरी तो बहुतेक वेळा इंटरनेटवर सापडतो. घरी भरलेली कॅसेट मात्र जगात एकच असते. बारशाचा गोंधळ, दिवाळीला आलेल्या आत्याची गाणी, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाला पाठवलेला निरोप, असे काहीही तिच्यात असू शकते.

यात एक मेख आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन खाचा असतात. कंपनीच्या कॅसेटमध्ये त्या उघड्या असतात, त्यामुळे रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नाही. पण कोरी कॅसेट घ्यायला पैसे नसले की अनेक घरांत त्या खाचांवर सेलोटेप चिकटवून जुन्या अल्बमवरच घरचा आवाज भरला जाई. म्हणजे वरचे कव्हर भक्तिगीतांचे आणि आत आजी! त्यामुळे कव्हर बघून कॅसेट टाकून देणे धोक्याचे आहे. खाचेवर सेलोटेप दिसली तर आत घरचे काही असण्याची शक्यता अधिक. अशी कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी ती सेलोटेप काढा. चुकून रेकॉर्ड दाबले गेले तर आधीचा आवाज पुसला जातो आणि तो परत आणता येत नाही.

अशा आवाजांचे मोल परभणी जिल्ह्याला नवे नाही. संत जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या, आणि जाते त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्याही आज जगभरात ऐकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या १ हजारांहून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांतल्या हजारो ओव्यांचा आवाज टेपवर घेतला गेला आणि पुढे ‘पारी’ या संकेतस्थळाने तो लोकांसमोर आणला. कुणीतरी वेळेत टेप सुरू केली आणि नंतर ती जपली, म्हणून हे शक्य झाले.

उन्हाने कॅसेटचे नेमके काय बिघडते?

कॅसेटमधली फीत ४ मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असते आणि सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर वेगाने धावते. ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी जवळपास ८६ मीटर फीत गुंडाळलेली असते. पॉलिस्टरच्या या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण एका चिकट थराने बसवलेले असतात. आवाज या कणांच्या चुंबकत्वात साठवलेला असतो.

परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छताखाली तो आणखी चढतो. या तापमानाला चुंबकत्व पुसले जात नाही, त्यासाठी शेकडो अंश तापमान लागते. बिघडते ते बाकीचे. कण धरून ठेवणारा थर कमजोर होतो, कवच वाकते, फितीला मागून आधार देणाऱ्या छोट्या गादीचा गोंद सुटतो. एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटण्याचे प्रमाणही उष्णतेने वाढते. गाणे सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल लागते ती त्यामुळे. पावसाळ्यात दमट भिंतीलगत ठेवलेल्या कॅसेटवर बुरशी धरते.

वाजवण्याआधी काय काळजी घ्यावी?

पहिली चाचणी महत्त्वाच्या कॅसेटवर करू नका. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून मशीन फीत ओढत नाही ना, ते बघा. पडून राहिलेल्या टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट बहुतेक वेळा ढिला पडतो किंवा वितळून चिकट होतो. तो मेकॅनिककडून बदलून घ्या. हेड आणि रबरी चाक स्वच्छ हवे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसता येते.

कॅसेटच्या खिडकीतून बघा. फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट वाजवू नका, जाणकाराकडे द्या. फीत ढिली असेल तर जुनाच उपाय, पेन घालून हलक्या हाताने गुंडाळा. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे करून घ्या. तुटलेली फीत फेकू नका, ती जोडता येते. कवच मोडले असेल तर रीळ दुसऱ्या कवचात बसवता येते.

आवाज मोबाइलमध्ये कसा आणायचा?

टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउट किंवा हेडफोनच्या जागेतून वायर काढून ती यूएसबी साउंड कार्डमार्फत लॅपटॉपला जोडा. कार्डला लाइन-इन आहे ना, हे घेतानाच तपासा. लॅपटॉपची थेट जागा शक्यतो टाळा. अनेक लॅपटॉपमध्ये ती फक्त माइकसाठी असते आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि वेव्ह फाइल असे पर्याय निवडा. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण १ जीबी जागा लागते. व्हॉट्सअॅपवर पाठवायला त्याची एमपी३ प्रत काढा, पण मूळ फाइल तशीच ठेवा. खरखर काढायची घाईही नको. मूळ हाताशी असेल तर ते नंतर कधीही करता येते.

हे जमण्यासारखे नसेल तर शांत खोलीत, पंखा बंद करून, स्पीकरसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा. दर्जा कमी असेल, पण आवाज तरी हाती राहील.

सुरुवात कुठल्या कॅसेटपासून?

जिच्यात घरचा आवाज आहे, ती आधी. तयार झालेल्या फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. कॅसेटही टाकू नका. ती उभी करून, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा.

एक काम मात्र मशीनशिवायही आजच करता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना कॅसेट दाखवून ती कधीची, कुणाच्या लग्नातली, त्यात कोण बोलते आहे, हे विचारून लिहून ठेवा आणि आवाज मिळाला की तो त्यांनाच आधी ऐकवा. फीत आणखी काही वर्षे टिकेलही. पण त्यातला आवाज कुणाचा, हे सांगणारे माणूस तोवर घरात असेलच असे नाही.