हजयात्रा : कमी खर्चात मुक्काम कुठे?

हज आणि उमरा : हजचे विधी जिल्हिज या इस्लामी महिन्याच्या 8 ते 12 किंवा 13 याच दिवसांत. उमरा वर्षभरात केव्हाही.

मुंबई : 1995पर्यंत हाजी इथून जहाजाने जेद्दाहला जात. जहाज सुटेपर्यंत मुक्काम मुसाफिरखान्यात. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना विशेष परिचित. भारतीय हज समितीचे हज हाउस सीएसएमटी स्थानकाजवळ आहे.

मक्का : समितीमार्फत जाणाऱ्या बहुतेकांचा मुक्काम अजीजिया भागात. हरमपासून (काबा असलेल्या मशिदीपासून) काही किलोमीटर दूर, म्हणून भाडे कमी, ये-जा बसने. खोली सामाईक असते.

रुबात : यात्रेकरूंसाठी वक्फ केलेली निवासस्थाने, भाडे नाही. हैदराबादच्या निजामांनी मक्केत अशा इमारती घेऊन ठेवल्या. त्यांचा लाभ जुन्या हैदराबाद संस्थानातील हाजींना मिळतो, म्हणजे तेलंगणाबरोबर मराठवाड्यालाही. छत्रपती संभाजीनगर, बीड, नांदेड, परभणीच्या घरांसाठी ही मोठीच सवलत. अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, निवड सोडतीने. भोपाळच्या नवाबांचीही रुबात आहे.

मदिना : भारतीय हाजी साधारण 8 दिवस राहतात. रोज 5 याप्रमाणे पैगंबरांच्या मशिदीत 40 नमाज पूर्ण करण्याची प्रथा आहे.

हॉटेल नसलेले मुक्काम
- मिना : तंबूंचे शहर. गाद्या एकमेकींपासून हातभर अंतरावर.
- अराफात : 9 जिल्हिज, दुपार ते सूर्यास्त.
- मुजदलिफा : रात्र उघड्यावर, चटई अंथरून. जमरातसाठी (सैतानाला खडे मारण्याच्या विधीसाठी) हरभऱ्याएवढे खडे इथेच वेचतात.

अनुदान : सरकारचे हज अनुदान 2018मध्ये बंद झाले.