घराची वाढ, कंत्राटदार आणि वाढता खर्च : नवी मुंबईतील अनुभव

शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नवी मुंबई उभी राहू लागली. या शहरातील पहिल्या पिढीची घरे आता चाळीस ते पन्नास वर्षांची झाली आहेत. खाडीवरून येणारा खारा वारा व कोकणातील पाऊस यांमुळे सळया गंजतात, गिलावा सुटतो, छत पाझरते. कुटुंबेही वाढली आहेत. त्यामुळे घराची दुरुस्ती वा वाढ हा वाशीपासून बेलापूरपर्यंत घरोघरीचा प्रश्न झाला आहे.

या संदर्भात बेलापूर येथील ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या वसाहतीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तिची आखणी केली. ८ मीटर लांब व तितक्याच रुंद अंगणाभोवती सात घरे, अशा तीन समूहांमध्ये एक मोठे अंगण, अशी तिची रचना. दोन घरांमध्ये सामायिक भिंत ठेवलेली नाही. शेजाऱ्यास न दुखवता प्रत्येकाला आपल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे, हा त्यामागील हेतू होता. गावातल्या गवंड्यालाही उभारता येईल इतके बांधकाम साधे होते. आज तेथील कित्येक मूळ घरांच्या जागी काँक्रीटच्या मजली इमारती दिसतात. वाढीची मुभा आराखड्यातच होती. वाढीचा हिशेब मात्र ज्याचा त्याने मांडावयाचा होता.

हा हिशेब बहुधा चुकतो तो कोठे? ‘सिमेंट महागले, लोखंड महागले’ हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. समजा, एका निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून ५०० चौरस फुटांची वाढ करावयाचे ठरविले आणि दर चौरस फुटास १,९०० रुपये, म्हणजे एकूण ९ लाख ५० हजार रुपये, असा तोंडी ठराव झाला. अशा कामास ढोबळमानाने चौरस फुटास ०.४ गोणी सिमेंट व ४ किलो सळई लागते; म्हणजे २०० गोण्या आणि २ टन लोखंड. काम चालू असताना गोणीमागे ५० रुपये व किलोमागे ५ रुपये भाव वाढला, तरी दोन्ही मिळून वाढ २० हजार रुपयांची होते.

आता दुसरी बाजू पाहू. शिक्षकाने ५०० चौरस फूट मोजले ते खोल्यांच्या आतून. कंत्राटदाराने शेवटच्या बिलात भिंतींची जाडी, जिना व छज्जे धरून ६१० चौरस फूट लावले. ११० चौरस फुटांचा हा फरक २ लाख ९ हजार रुपयांचा होतो. यात कंत्राटदाराने लबाडी केलीच असे म्हणता येणार नाही. मोजमाप कसे धरावयाचे, हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. महागाईने जितके नेले, त्याच्या दहापट एका न लिहिलेल्या वाक्याने नेले. त्यात मधूनच सुचलेल्या फरशा, हलवलेली मोरी, एक जादा खिडकी यांची भर पडते ती वेगळीच.

वास्तविक आपल्या वाचकांपैकी अनेकांना यावरचा उपाय कार्यालयीन कामातून परिचित आहे. शाळेच्या खोलीचे अंदाजपत्रक तपासताना रुपयारुपयाचा खुलासा मागणारे पंचायत सदस्य स्वतःच्या घराचे काम मात्र ओट्यावर बसून तोंडी ठरवतात, हे नवल होय! सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची, मोजमाप पुस्तक, चालू देयके, सुरक्षा ठेव, जादा बाबींची पूर्वमान्यता ही सारी साधने घरगुती कामासही लागू पडतात. एका साध्या वहीत मोजमापाची रीत, मालाची प्रत व जादा कामाचे दर लिहून दोघांनी सह्या केल्या, तरी पुष्कळसे तंटे टळतात. भाववाढीचेही असेच आहे. सिमेंट व लोखंडाचा आजचा भाव करारात नोंदवावा आणि ठरावीक मर्यादेपलीकडील फरक कोणी सोसावयाचा हे आधीच ठरवावे. मजुरीचे कंत्राट देऊन माल स्वतः घेतल्यास भाव आपल्या हाती राहतो. परंतु नासधूस व राखणही आपल्याच माथी येते, आणि नोकरदारास ते क्वचितच जमते.

पैसे देण्याचा क्रम फार महत्त्वाचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते, हे पंचायत सदस्य जाणतात. खाजगी कामातही जोते, भिंती, स्लॅब, गिलावा या टप्प्यांनीच पैसे द्यावेत. अर्धी रक्कम आगाऊ घेतलेला कंत्राटदार दुसऱ्या कामावर माणसे हलवतो आणि घरमालक अर्धवट भिंतींमध्ये अडकतो. उलटपक्षी, हप्ता वेळेवर न मिळाल्यास त्याला मजुरांचा पगार भागवता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

जुन्या भिंतींवर मजला चढवण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून पायाची तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. तेथे वाचवलेले पैसे जिवावर बेततात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ अन्वये केवळ अंतर्गत दुरुस्तीस परवानगी लागत नाही. पण मजला वा बाहेरील वाढ यांस नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावीच लागते. बेलापूर, वाशी भागात ते काम नवी मुंबई महानगरपालिका पाहते. ‘ते मी बघतो’ या कंत्राटदाराच्या आश्वासनावर विसंबू नये, कारण नोटीस घरमालकाच्या नावे येते.

काम सदोष झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, कारण घरबांधणीचा अंतर्भाव या कायद्यातील ‘सेवा’ या संज्ञेत आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. मात्र तेथे वही, पावत्या व टप्प्याटप्प्याची छायाचित्रे यांचाच आधार मिळतो.

स्लॅबवर किमान ७ दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास १० दिवस, पाणी राहिले पाहिजे. घाईत हेच प्रथम टाळले जाते. शेवटची शेकडा ५ रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी. जून ते सप्टेंबर या काळात छत पाझरले नाही, तर ऑक्टोबरात ती रक्कम कंत्राटदारास आनंदाने द्यावी.